मागायला माणूस हवा

मध्यंतरी जळगावात कलासंस्था, वाचनालयं, नाट्यमंडळं चालवणाऱ्यांची एक बैठक झाली. विषय एकच होता, पैसा. अर्ध्या तासात सभागृहात दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, कला जगवणं हे सरकारचं काम आहे, कलावंताने कुणापुढे हात पसरू नये. दुसऱ्याचं म्हणणं, अनुदानाने संस्था पांगळ्या झाल्या, आता तिकीट लावा, सभागृह लग्नाला द्या, कमवा आणि चालवा. टाळ्या दोघांनाही पडल्या. चहा झाला, माणसं आपापल्या एसटीने परतली. मी तालुक्याच्या गावातल्या, वाचनालय आणि जुन्या पोथ्या सांभाळणाऱ्या एका लहान संस्थेचा कोषाध्यक्ष. परतताना सारखं वाटत राहिलं की आपण तीन तास ज्या प्रश्नावर भांडलो तो आपला प्रश्नच नव्हता.

खानदेशात पैसा नाही, असं कुणी म्हणत असेल तर त्याने जळगावच्या सराफ बाजारातून एक चक्कर मारावी. दानत नाही म्हणावं, तर गावोगावची मंदिरं आणि सप्ताहाच्या पंगती पाहाव्यात. आमच्याकडे नाही ती मागण्याची व्यवस्था. मागणं हे काम आहे. त्याला वेळ लागतो, कसब लागतं, कागदपत्रं लागतात, आणि ते रोज करणारा माणूस लागतो. त्या माणसाला पगार लागतो. म्हणून माझं म्हणणं असं, की कला आणि वारसा सांभाळणाऱ्या संस्थांना ज्यांना खरोखर हातभार लावायचा आहे, मग ते सरकार असो, कारखानदार असो की सुरतेत स्थायिक झालेला गावचा मुलगा असो, त्यांनी पहिला पैसा या मागणाऱ्या माणसावर खर्च करावा. कार्यक्रमावर नंतर.

ही कल्पना कुठून तरी बाहेरून आणलेली नाही. चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शिलालेख आपल्याला माहीत असतो, पण तो गणिती भास्कराचार्यांच्या नावासाठी. शके ११२८ चा हा लेख. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाच्या दरबारचा ज्योतिषी, त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी पाटण्याला मठ काढला. निकुंभ घराण्यातल्या स्थानिक राजाने त्याला दान दिलं. लेखाचा संस्कृत भाग या सगळ्यांची थोरवी सांगतो. खरा मुद्दा शेवटच्या जुन्या मराठीतल्या ओळींत आहे, कारण तिथे हिशोब आहे. पाटण्याच्या बाजारात जो माल येईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा हिस्सा मठाला दिला. नगरानेही आपल्या वाट्यातून दिलं. गिऱ्हाइकाकडून पाच पोफळी, म्हणजे सुपाऱ्या. गावात जितके तेलाचे घाणे चालतील तितक्या घाण्यांमागे पळी पळी तेल. आणि माल मापायचा तो मठाच्या मापाने, त्या मापणावळीतला अर्धा वाटा मठाला, अर्धा मापाऱ्याला. आठशे वर्षांपूर्वी एका ज्ञानसंस्थेचा संसार कसा उभा केला पाहा. राजा आहे, व्यापारी आहे, तेली आहे, गिऱ्हाईक आहे, कुणा एकावर भार नाही. वसुली कशी करायची ते ठरलेलं आहे आणि वसुलीत जो राबतो त्याचं पोट त्यातूनच भरतं. हे सगळं दगडावर कोरून बाजाराला दाखवलेलं आहे. राजाने द्यावं की बाजाराने, हा वाद पाटण्याच्या लोकांनी घातला असता तर मठ उभा राहिला असता का?

सरकारचं उत्तरदायित्व मी नाकारत नाही. ‘हात पसरू नका’ म्हणणाऱ्यांचा सगळ्यात बळकट मुद्दा तोच आहे आणि तो मला मान्य आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. अ, ब, क, ड असे वर्ग ठरले, अनुदानाचे नियम ठरले, म्हणून खेड्यापाड्यांतली वाचनालयं आज तगून आहेत. कायद्याने बांधलेला पैसा कुणाच्या मर्जीवर नसतो. अनुदान अपुरं असतं, उशिरा येतं, पण येतं. नाट्यमंडळाला, हस्तलिखितं जपणाऱ्या मंडळाला, वहीगायन या खानदेशी लोकगायनाच्या पथकाला असा कायदा नाही. तो व्हावा म्हणून भांडलंच पाहिजे. पण सरकारचा पैसा कुठे सहज वळतो तेही पाहावं लागेल. अमळनेरला फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७ वं साहित्य संमेलन झालं. संमेलनाचं सरकारी अनुदान त्याआधीच पन्नास लाखांवरून दोन कोटींवर गेलं होतं. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा आणि घोडेबाजार कित्येक पिढ्या चालत आले, त्यावर अलीकडे पर्यटन खात्याचा महोत्सव उभा राहिला. या दोन्हींबद्दल माझी तक्रार नाही. संमेलनाला मी तिन्ही दिवस हजर होतो, आणि साने गुरुजींच्या कर्मभूमीत पुस्तकांच्या दालनात झालेली गर्दी पाहून ऊर भरून आला होता. पण मांडव उतरला की गावात काय उरतं? तीन दिवसांच्या सोहळ्याला पैसा मिळतो. तीनशे बासष्ट दिवस कुलूप उघडणाऱ्या, झाडू मारणाऱ्या, पोथ्यांच्या रुमालांत डांबरगोळ्या ठेवणाऱ्या माणसासाठी मागायचं कुणी? सरकारकडून मिळवायचं असलं तरी प्रस्ताव लिहावा लागतो, पाठपुरावा करावा लागतो. सरकारने द्यावं म्हणणाऱ्यालाही शेवटी मागणारा माणूस लागतोच.

आता कंपन्यांकडे येऊ. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ ने, ठरावीक मर्यादेच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक झालं. कुठल्या कामावर, याची यादी सातव्या परिशिष्टात आहे, आणि तिच्यात वारसा, कला, संस्कृती, ऐतिहासिक वास्तूंची डागडुजी, सार्वजनिक ग्रंथालयं, पारंपरिक कला आणि हस्तकला हे सगळं स्पष्ट शब्दांत आहे. आमच्या बैठकीत किती जणांना हे ठाऊक होतं? मी विचारलं तेव्हा दोन हात वर आले. मॅरेथॉन, पुरस्कार सोहळे, जाहिरात यांसारखे एकवेळचे कार्यक्रम या खर्चात धरता येत नाहीत, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१४ मध्येच स्पष्ट केलं आहे. तरी आमच्या संस्था कंपन्यांकडे जातात ते वार्षिक संमेलनाच्या स्मरणिकेत पानभर जाहिरात मागायला. जी गोष्ट कंपनीला या निधीतून देता येत नाही तीच मागायची, आणि जी देता येते तिचं नावही काढायचं नाही. मग नकार आला की बाजारवाद्यांना शिव्या घालायच्या.

इथे एक अडचण मात्र खरी आहे. कायदा कंपन्यांना आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगतो, आणि दोन टक्क्यांच्या मर्यादेत बसणाऱ्या मोठ्या कंपन्या मुंबई-पुण्याभोवती जास्त, धुळे-नंदुरबारकडे कमी. अक्कलकुव्याच्या डोंगरात ढोलावर होळी नाचणाऱ्या पथकाच्या शेजारी कोणती कंपनी आहे? ज्या भागात संस्कृती दाट त्या भागात कारखाने विरळ, असं हे वाटप आहे. हा अन्याय नोंदवलाच पाहिजे. पण तो नोंदवायलाही कुणीतरी मुंबईच्या कार्यालयात जाऊन बसायला हवं ना, हातात नीट मांडलेला प्रस्ताव घेऊन?

तो प्रस्ताव कसा असतो ते मी जवळून पाहिलं आहे. चार वर्षांपूर्वी एका कंपनीने कळवलं की हस्तलिखितांच्या जतनासाठी तुमच्या संस्थेचा विचार करू, अर्ज पाठवा. अर्ज इंग्रजीत, तीसेक पानांचा. लाभार्थी किती, फलनिष्पत्ती काय, ती कशी मोजणार, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, १२ए (संस्थेच्या करमाफीची नोंदणी), ८०जी (देणगीदाराला करसवलत देणारी नोंदणी), कंपन्यांचा सामाजिक निधी घ्यायला लागणारा सीएसआर-१ चा नोंदणी क्रमांक. आमचे सचिव निवृत्त शिक्षक, अध्यक्ष वकील, मी शेतीच्या अवजारांचं दुकान चालवतो. रात्री दुकान बंद करून आम्ही तिघे कागद जुळवत बसायचो. पंधरा दिवसांत अर्ज गेला. महिन्याने उत्तर आलं, आपल्या ८०जी प्रमाणपत्राची मुदत संपलेली आहे. कायदा बदलून जुन्या कायमस्वरूपी नोंदण्या रद्द झाल्या होत्या, दर पाच वर्षांनी नव्याने करायच्या होत्या, आणि आम्हाला पत्ता नव्हता. पैसे गेले ते गेलेच. सचिव त्या दिवशी काही बोलले नाहीत, फायलीची नाडी बांधत राहिले. त्या पोथ्यांना त्या वर्षीही पावसाचं पाणी लागलं. सांगा, इथे चूक कुणाची? कंपनीची नव्हती, नियमाप्रमाणे ती बरोबर होती. आमची दानत कमी पडली नव्हती, कष्टही कमी पडले नव्हते. हे काम करणारं कुणी नव्हतं, एवढंच.

देणाऱ्यांची आमच्याबद्दलची तक्रार मी टाळणार नाही, कारण ती बऱ्याच अंशी खरी आहे. त्या बैठकीत एक डाळमिल मालक उठून म्हणाले, ‘‘पैसे देतो हो, पण दिलेल्या पैशांचं काय झालं ते कधी कुणी सांगितलं आहे का?’’ सभागृहात कुणाकडेही उत्तर नव्हतं. वीस-पंचवीस वर्षं तेच अध्यक्ष, मंडळावर घरचीच माणसं, धर्मादाय आयुक्तांकडे कार्यकारिणीचे बदल अर्ज वर्षानुवर्षं पडून, वार्षिक सभा कागदावर. अशा संस्थांना लोकांनी का द्यावं? म्हणून मी जी मदत म्हणतो आहे ती केवळ अर्ज लिहून देणाऱ्याची नाही. आधी वह्या सरळ करायच्या, बदल अर्ज निकाली काढायचे, लेखापरीक्षण वेळेत करायचं, आणि दिलेल्याला वर्षाच्या शेवटी दोन पानांचं पत्र पाठवायचं, मराठीत, फोटोसह. हेच करणारा माणूस ठेवायला देणारे तयार नसतात. ‘‘पगाराला नाही देणार, कामाला देऊ’’, हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! हिशोब हवा, पण हिशोबनिसाचा पगार नको. हे कसं जमावं?

दलालीची भीतीही बोलून दाखवली गेली. मागण्यासाठी माणसं ठेवली की टक्केवारी सुरू होईल, लाखामागे दहा हजार कुणाच्या तरी खिशात जातील. ही भीती योग्य आहे आणि माझं मत स्वच्छ आहे, टक्केवारीवर एक रुपयाही नको. टक्क्यावर काम करणारा मोठ्या देणगीमागे धावेल आणि शंभर रुपये देणाऱ्या म्हाताऱ्या शिक्षिकेला फोनही करणार नाही. पगार ठरलेला असावा, जाहीर असावा. पाटण्याच्या मापाऱ्याचा वाटा सगळ्या बाजाराला माहीत होता, म्हणून त्याला कुणी दलाल म्हटलं नसेल.

सगळ्यात अवघड प्रश्न शेतकऱ्याचा. कापसाला भाव नाही, केळी वादळाने झोपली, शाळेचं छत गळतं, आणि तुम्ही पोथ्या आणि नाटकाला पैसे मागता? मी शेतकऱ्यांत रोज वावरणारा माणूस आहे, हा प्रश्न मला परका नाही. कंपनीचा निधी एकच असतो आणि त्यातून शाळेचं छतही होऊ शकतं, हे मान्य. पण शेतकरी स्वतः काय करतो ते पाहा. श्रावणात कानबाई देवी बसते तेव्हा कर्जात असलेलं घरही तिच्या नैवेद्याच्या रोटांचा गहू काढतं, सुरत-मुंबईला गेलेला भाऊबंद रजा टाकून येतो. आधी सगळी देणी फिटू देत, मग गाणं म्हणू, असं खानदेशातली बाई कधी म्हणाली? बहिणाबाई चौधरींचं काव्य शेतात-घरात राबता राबताच झालं. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. देश पारतंत्र्यात, शेतकरी मंदीने पिचलेला. तरी गांधीजींनी त्याच्या सजावटीसाठी शांतिनिकेतनहून नंदलाल बोसांना बोलावलं, आणि त्यांनी बांबू आणि खेड्यात मिळणाऱ्या साहित्यातून ते नगर उभं केलं. भाकरी आणि कला यांत आधी कोण, असा सवाल तिथे कुणी लावला नाही.

एका देणगीदारावर सगळं सोपवण्याचा मोहही आपल्याकडे फार. अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. गिरणी चालवणाऱ्या माणसाला तालुक्याच्या गावात तत्त्वज्ञानाची संस्था काढावीशी वाटते, ही गोष्ट आजही मला थक्क करते. पण प्रत्येक पिढीला प्रताप शेठ मिळत नाही, आणि मिळालाच तरी गिरण्या कायम चालत नाहीत. धुळ्याची वाट वेगळी होती. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. मागे उरली ती कागदांची दप्तरं. त्यांच्यासाठी धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ काढलं, आणि ते आजही आहे. त्याच गावात शंकर श्रीकृष्ण देव यांनी सत्कार्योत्तेजक सभेतून समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं जमवली, ती समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. शंकर देवांसारखी माणसं मठामठांतून, घराघरांतून फिरली. समर्थांनी भिक्षेला पोट भरण्याचं साधन न मानता माणसं जोडण्याची आणि पारखण्याची रीत मानलं, ते शंकर देवांनी नुसतं वाचलं नाही, तसं वागूनही दाखवलं.

पैसा फंडाची गोष्ट हीच. अंताजी दामोदर काळे माणशी वर्षाला एक पैसा मागत गावोगाव फिरले, टिळकांनी पाठबळ दिलं, आणि त्यातून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. डॉ. केतकरांनी ज्ञानकोशासाठी लिमिटेड मंडळी काढली, भाग विकले, वर्गणीदार मिळवायला माणसं पाठवली. एवढ्या मोठ्या विद्वानाला यात कमीपणा वाटला नाही. मग आमच्या कलावंतांना मागणं लाजिरवाणं कधीपासून वाटू लागलं? मला वाटतं, मागणं हे काम न राहता एखाद्या पुढाऱ्याच्या बंगल्यावर ताटकळणं झालं तेव्हापासून. त्या लाजेचा मला आदर आहे. ती जायची तर मागण्याची रीतच बदलायला हवी. दहा जणांकडून दहा हजार घेण्यापेक्षा हजार जणांकडून शंभर घेणाऱ्या संस्थेला कुणाच्या बंगल्यावर जावं लागत नाही.

एकेका संस्थेला असा माणूस परवडणार नाही, हे उघड आहे. एकट्या शेतकऱ्याला दुधाचं शीतकरण यंत्र परवडत नव्हतं म्हणून दूध संघ झाले. तसंच इथे. जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून पंचवीस-तीस संस्थांनी एक सामाईक कार्यालय करावं. तिथे तीन पगारी माणसं असावीत. एक हिशोब आणि नोंदण्या पाहणारा, एक मराठी-इंग्रजी प्रस्ताव लिहिणारा, आणि एक सतत फिरणारा, अहिराणी बोलणारा, देणाऱ्यांना आणि कलावंतांना ओळखणारा. पहिली तीन वर्षं त्यांचा पगार मोठ्या देणगीदारांनी द्यावा, पुढे संस्थांनी ऐपतीप्रमाणे वर्गणी भरावी. वहीगायनाच्या पथकाकडे नोंदणीही नसते, त्यांचे कागद या कार्यालयाने करावेत. अशाच एका पथकाचे म्हातारे म्होरके मला म्हणाले होते, ‘‘भाऊ, आमले सुपारी भेटस, आधार नही भेटस.’’ त्यांची रात्रभराची सुपारी सहा गड्यांत वाटली की वाद्य मढवायलाही पैसे उरत नाहीत.

या कार्यालयाकडे पहिल्या दिवसापासून काम असेल. नव्या कररचनेत ८०जी ची वजावट मिळत नाही, आणि बहुतेक पगारदार आता त्याच रचनेत आहेत, तेव्हा ‘करात सूट मिळेल’ एवढं सांगून देणगी मिळण्याचे दिवस सरत आले. काम काय चाललं आहे ते दाखवूनच मागावं लागेल. अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. तिचे जुने शेअर तिथल्या कितीतरी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले आणि ती घरं भरभराटीला आली. त्या घरांकडे गावातल्या सगळ्या कलासंस्थांनी मिळून, नीट मांडणी करून, कायम ठेवीसाठी एकदा जायला काय हरकत आहे? फार तर नाही म्हणतील.

आमच्या संस्थेत पत्र्याची एक पेटी आहे. तिच्यात जुनी पावतीपुस्तकं आहेत, कडा वाळवीने खाल्लेल्या, कार्बनची अक्षरं फिकट झालेली. मागच्या महिन्यात मी ती चाळली. सव्वा रुपया, पाच रुपये, एका पावतीवर ‘रोख नाही, ज्वारी दोन पायली’. त्यातली कितीतरी घरं आज सुरतेत, पुण्यात, काही परदेशात आहेत. त्यांच्या नातवंडांना ठाऊकही नसेल की आजोबांनी या वाचनालयाला ज्वारी दिली होती. येत्या रविवारी सचिव आणि मी ती पेटी घेऊन बसणार आहोत. एका वहीत नाव, गाव, पावतीची तारीख आणि समोरच्या रकान्यात आत्ताचा पत्ता, असं उतरवायला सुरुवात करू. पत्ते शोधायला गावातल्या कॉलेजच्या दोन मुली तयार झाल्या आहेत, आणि त्यांना महिन्याचं मानधन द्यायचं आम्ही ठरवलं आहे.